पूर्णविराम सरांचा नवा विषय

कॉलेजात मुलं मला पाठीमागे ‘पूर्णविराम’ म्हणतात. हे मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही, आणि दोन्ही बाजूंनी हा सभ्यपणा आम्ही अनेक वर्षं पाळत आलो आहोत. नावाला कारण आहे. मी प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणजे प्राणिशास्त्राच्या नोट्स सांगतो. वर्गात शिरायचं, हजेरी घ्यायची, पिवळ्या पडलेल्या कागदांचा गठ्ठा उघडायचा आणि सुरू : “गांडुळाचं शरीर लांबट, स्वल्पविराम, दंडगोलाकार, स्वल्पविराम, आणि वलयांकित असतं, पूर्णविराम.” ही सवय इतकी अंगात मुरली आहे की एकदा फोनवर मी माझ्या बहिणीला “तब्येत बरी आहे, पूर्णविराम” असं सांगितलं. तिने घाबरून भाच्याला माझ्याकडे पिटाळलं.

तर अशा माणसाकडे या वर्षी नवा विषय आला. शोधनिबंध कसा वाचावा.

आमच्या विभागप्रमुख बाई एके काळी माझ्याच विद्यार्थिनी होत्या. त्यामुळे त्या माझ्याशी फार आदराने बोलतात आणि मी त्यांना फार घाबरतो. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

“सर, तिसऱ्या वर्षाला हा विषय आलाय. मुलांना खरे शोधनिबंध वाचता यायला हवेत. पाठ्यपुस्तक नाही, नोट्स नाहीत. तुमच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाकडे आहे?”

“कशाचा अनुभव?” मी विचारलं.

“सर, तुम्ही पण ना!” असं म्हणून त्या हसल्या. मी खरंच विचारलं होतं.

खरी गोष्ट अशी, की शोधनिबंध मीही वाचत असे, पण पाहुण्यांनी घर बघावं तसा. सारांश वाचायचा, शेवटचा परिच्छेद वाचायचा, मधल्या खोल्यांत डोकवायचं नाही. आकृत्या आल्या की पान उलटायचं. आलेख दिसला की चष्मा पुसायचा आणि चष्मा पुसून होईपर्यंत पुढचं पान यायचं.

घरी येऊन बायकोला सांगितलं, “मला मुलांना पेपर वाचायला शिकवायचंय.”

“त्यात काय शिकवायचं?” ती म्हणाली. “तुम्ही रोज सकाळी तासभर तेच तर करता. शब्दकोड्यासकट.”

“तो पेपर नाही गं. संशोधनाचा पेपर.”

“मग सूनबाईला विचारा. ती दिवसभर तेच वाचते.”

आमची सून एका संशोधन संस्थेत काम करते. फळमाश्यांच्या स्मरणशक्तीवर. लग्नाला वर्ष होत आलेलं. मुलगा कंपनीच्या कामासाठी महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी, आणि ही आमच्याकडे. गुणी मुलगी, पण मी तिला विचारणं शक्य नव्हतं. लग्न ठरत होतं तेव्हा मी तिला पाऊण तास ‘संशोधन म्हणजे काय’ या विषयावर ऐकवलं होतं. ती मान खाली घालून ऐकत होती. हसू दाबण्यासाठी मान खाली घालतात हे मला आता कळतं.

म्हणून मी स्वतःच्या बळावर सुरुवात केली. गोगलगायींवरचा एक निबंध निवडला. गोगलगाय दुसरीच्या चिकट वाटेवरून का चालते, असा विषय. म्हटलं, सावकाश प्राणी आहे, मुलांना झेपेल. प्रती काढल्या, वाटल्या, घसा साफ केला. समोर पन्नासेक मुलांनी आपोआप वह्या उघडल्या आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “लिहून घ्या.”

आणि मी तो अख्खा निबंध त्यांना सांगायला लागलो. छापील प्रत हातात असताना मुलं तोच मजकूर वहीत उतरवून घेत होती, आणि यात काही विचित्र आहे असं वर्गात कुणालाच वाटलं नाही. “निष्कर्षासाठी पाहा आकृती तीन, पूर्णविराम,” असं मी म्हणालो तेव्हा दुसऱ्या बाकावरचा मुलगा उठला. प्रत्येक वर्गात असा एक असतोच. याला सगळे शंकासुर म्हणत.

“सर, आकृती तीनपण उतरवून घ्यायची?”

“अर्थात.”

“मग सर, या ठिपक्यांवर ह्या मिशांसारख्या रेघा कसल्या आहेत?”

मी आकृतीकडे पाहिलं. रेघा होत्या खऱ्या. प्रत्येक ठिपक्याला वर एक, खाली एक. मी चष्मा पुसला. या वेळी पान आपोआप उलटलं नाही.

“ते पुढे येईल,” मी म्हणालो.

शिक्षकाच्या पोतडीतलं हे सगळ्यात उपयोगी वाक्य. पण शंकासुराने निबंधाची पुढची सगळी पानं चाळली आणि शांतपणे म्हणाला, “सर, पुढे येत नाहीये.” वर्ग हसला. फक्त पहिल्या बाकावरची एक मुलगी माझ्याकडे बघून जोरजोरात मान डोलावत राहिली. ही मी काहीही म्हटलं तरी मान डोलवायची. एकदा मी चुकून झुरळाला आठ पाय दिले, तेव्हाही डोलावली होती. वर्गात तिला ‘होयबाई’ म्हणत. त्या दिवशी एवढा एकच आधार मला उरला होता.

त्याच आठवड्यात घरी तो प्रकार झाला.

संध्याकाळची वेळ. मी बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवत होतो. आतल्या खोलीतून सूनबाईचा आवाज आला. दार अर्धवट लोटलेलं.

“कशावरून? तू म्हणतोस म्हणून मी ऐकायचं?”

मी पेन्सिल थांबवली.

“नाही, नाही. हे तू नुसतं म्हणतोयस. दाखव ना मला. पुरावा कुठाय?” मग थोडा वेळ शांतता, आणि मग एकदम, “आणि ही कोण मध्येच आली? हिचा तर आधी कुठे उल्लेखसुद्धा नव्हता!”

मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला सांगितलं. तिने गॅस बंद केला. ती स्वयंपाक अर्धवट टाकून गॅस बंद करते म्हणजे प्रकरण गंभीर. आम्ही दोघं दाराशी येऊन उभे राहिलो.

“इतकी मोठी गोष्ट तू तळटीपेत सांगतोस?” आतून आवाज आला.

“तळटीप म्हणजे?” बायको कुजबुजली.

“रागात माणूस काहीही बोलतं,” मी म्हणालो.

बायकोने सरळ मुलाला फोन लावला. तो कुठल्याशा मीटिंगमध्ये होता. “कोण आहे ती?” हिने पहिलाच प्रश्न टाकला. पलीकडून तो काय म्हणाला मला ऐकू आलं नाही, पण ही म्हणाली, “मला शिकवू नकोस. तुझा बाप दाराला कान लावून उभा आहे, सगळं ऐकलंय आम्ही.” तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलगा हिच्याशी फोनवर बोलतोय, तर सूनबाई आत कुणाशी भांडतेय?

मी दार ढकललं. सूनबाई पलंगावर मांडी घालून बसली होती. मांडीवर एक शोधनिबंध, हातात लाल पेन, कानामागे दुसरं. फोन टेबलावर चार्जिंगला.

“काय झालं, बाबा?”

“काही नाही,” मी म्हणालो. “ही कोण मध्येच आली, ते विचारायचं होतं.”

ती दोन क्षण बघत राहिली आणि मग इतकी हसली की कानामागचं पेन खाली पडलं. ‘ही’ म्हणजे एक चाचणी होती. लेखकाने ‘पद्धती’ या भागात जिचं नावही घेतलं नव्हतं आणि जी चौथ्या आकृतीत अचानक उगवली होती. “मी असंच वाचते, बाबा. भांडत. नाहीतर झोप येते.”

मुलाला समजावायला बायकोला बराच वेळ लागला. तो त्या मीटिंगमधून बाहेर आला तो आलाच. आत काय ठरलं हे त्याला अजून नीट माहीत नाही, आणि त्याचं खापर अजून माझ्यावर आहे.

पण त्या हसण्याने माझी भीड चेपली. मी खुर्ची ओढून बसलो आणि पिशवीतून गोगलगायी काढल्या. “या मिशा कसल्या असतात गं?”

तिने मान खाली घातली नाही, हे मी आवर्जून सांगतो. “लेखक किती खात्रीने बोलतोय, ते मिशी सांगते. मिशी जितकी लांब, तितकी खात्री कमी.” मग तिने निबंधाचं पहिलं पान सरळ दुमडून मागे टाकलं. “सारांश आधी नाही वाचायचा, बाबा. घर विकायला काढलेल्या माणसाने केलेलं ते घराचं वर्णन असतं. नळाला पाणी येतं का, ते आपण नळ सोडून बघायचं. आधी आकृती बघायची. खालची ओळ हाताने झाकायची. कुणाला काय केलं, आणि कशाच्या तुलनेत काय दिसलं, एवढंच विचारायचं. उत्तर मिळालं नाही, तर भांडायचं.”

“आणि आपल्यालाच कळलं नसेल तर?”

“मग तसं म्हणायचं. निम्म्या वेळा लेखकालाच सांगता आलेलं नसतं.”

माझं निम्मं आयुष्य ‘ते पुढे येईल’ म्हणण्यात गेलं होतं. पण हे वाक्य मी तिला सांगितलं नाही. काही गोष्टी सुनेला सांगायच्या नसतात.

पुढच्या तासाला मी वर्गात गेलो आणि म्हणालो, “वह्या बंद.” मुलांना वाटलं कुणीतरी गेलं आणि सुट्टी मिळणार. मी आकृती तीन फळ्यावर काढली, वाकडीतिकडी, आणि म्हणालो, “मला या मिशा गेल्या वेळी कळल्या नव्हत्या. आता थोड्या कळल्यात. बाकीचं आपण मिळून बघू.” पहिल्या बाकावर होयबाईची मान डोलायला निघाली आणि मध्येच थांबली. सर कळलं नाही म्हणतायत यावर मान कोणत्या दिशेने हलवायची, याचा तिला अनुभव नव्हता.

सुरुवातीला कुणी बोलेना. मग शंकासुर लेखकाला अरेतुरे करायला लागला, आणि मजा आली. “अरे, पण तू त्यांना अंधारात ठेवलंस की उजेडात?” “आणि कशाच्या तुलनेत?” ‘कशाच्या तुलनेत’ हे तर वर्गाचं पालुपदच झालं. कँटीनमध्ये चहा चांगला आहे असं कुणी म्हटलं तरी चार जण ओरडायचे, कशाच्या तुलनेत? शेजारच्या वर्गात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या गृहस्थांनी तक्रार केली, की माझ्या तासाला मारामाऱ्या होतात. विभागप्रमुख बाई पाहायला आल्या, दाराशी उभ्या राहिल्या, आणि थोड्या वेळाने आतच येऊन म्हणाल्या, “पण आलेखाची ही उभी रेघ शून्यापासून का सुरू होत नाही?” जाताना म्हणाल्या, “सर, आमच्या वेळी तुम्ही असं का नाही हो शिकवलंत?” मी हसलो.

होयबाईने तोंड उघडलं ते गोगलगायींच्या शेवटच्या तासाला. तेही हात वर करून, मग खाली घेऊन, मग अर्धा वर करून. “सर, पद्धतीत चाळीस गोगलगायी म्हटल्यात. पहिल्या आकृतीत एका गोगलगायीला एक ठिपका आहे. मी मोजले. सदतीस आहेत.”

आम्ही सगळ्यांनी मोजले. सदतीसच होते. शंकासुराचं म्हणणं, लेखकाने नको त्या तिघी लपवल्या. दोन तट पडले. शेवटी वर्गाने लेखकालाच ई-मेल पाठवायचं ठरवलं. मला वाटलं, उत्तर येणार नाही. उत्तर आलं. लेखकाने फार अदबीने कळवलं होतं, की टाकीचं झाकण एका रात्री नीट बसलं नव्हतं आणि तिघी जणी निघून गेल्या. हे निबंधात लिहायला हवं होतं, पण ‘गोगलगायी पळून गेल्या’ असं लिहायची लाज वाटली. त्यांतली एक पुढे ग्रंथालयाच्या खिडकीवर सापडली, तोवर प्रयोग संपला होता.

वर्ग बाक वाजवून हसला. मीही हसलो, पण मला दुसरंच काहीतरी वाटत होतं. इतकी वर्षं हे निबंध मला भिंतीवर कोरलेल्या लेखासारखे वाटायचे. त्यांच्यामागे झाकण नीट न लावणारा, लाजणारा माणूस असतो, हे मला या वयात कळत होतं. फारच उशिरा कळत होतं, पण निवृत्तीच्या आधी कळत होतं.

आता सूनबाईच्या माश्यांकडे येतो. तिचा स्वतःचा निबंध तयार होत आला होता. थोडक्यात असा, की म्हाताऱ्या फळमाश्यांना एक वास शिकवला तर त्या लवकर विसरतात; पण त्यांना थोडं उपाशी ठेवलं तर वास लक्षात राहतो. हे तिने एकदा जेवताना सहज सांगितलं. माझ्या बायकोने ते इतक्या मनापासून ऐकलं की त्या दिवसापासून मला दुसऱ्यांदा वाढणं बंद झालं. “चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही ना तुम्हाला? मग.” मी म्हटलं, मी माशी नाही. ती म्हणाली, “म्हातारे तर आहात.” सूनबाई मला वाचवायला काहीतरी बोलली, पण तिच्या बोलण्यात ‘अजून सिद्ध व्हायचंय’ होतं आणि बायकोच्या हातात डाव होता.

निबंध नियतकालिकाकडे पाठवण्याच्या आधी मीच तिला सुचवलं, “माझ्या वर्गाला वाचायला देऊ?” बोलताना माझी छाती जरा फुगली होती, खोटं कशाला सांगू. सून संशोधक, सासरा तिचा निबंध शिकवतोय, असं काहीतरी चित्र डोळ्यांसमोर होतं.

तिने थोडा विचार केला. “द्या. पण नाव काढून. आणि मी मागे बसेन. कोण आहे ते सांगू नका.”

त्या दिवशी मी नवा शर्ट घातला. सूनबाईला “या पाहुण्या आहेत, तास बघायला आल्यात” असं म्हणून शेवटच्या बाकावर बसवलं. मुलं निबंधावर तुटून पडली. शंकासुराने पहिल्या आकृतीवर दोन-चार शंका काढल्या. उत्तरं निबंधातच होती. मी मनात म्हटलं, बघा, आमच्या घरचं काम असं असतं. मग पाचवी आकृती आली, म्हाताऱ्या माश्यांची. होयबाईचा हात वर गेला. या वेळी एकदाच, आणि पूर्ण.

“सर, शिकवलेल्या आणि उपाशी ठेवलेल्या म्हाताऱ्या माश्या वासाकडे जास्त जातात, असं यात आहे. पण उपाशी ठेवलेल्या आणि न शिकवलेल्या म्हाताऱ्या माश्या कुठे आहेत?”

“असतील की,” मी म्हणालो.

“नाहीत, सर. तरुण माश्यांच्या आकृतीत आहेत. म्हाताऱ्यांच्या नाहीत.”

“मुद्दा काय तुमचा?” माझा आवाज जरा चढला.

“सर, मी सकाळी काही न खाता येते. तेव्हा मला कशाचाही वास आला तरी मी तिकडे जाते. आठवतंय म्हणून नाही. भूक लागली म्हणून. मग या माश्यांना वास आठवतोय, की त्या नुसत्याच भुकेने फिरतायत, हे यावरून कसं कळणार?”

मला प्रश्न पूर्ण कळला होता, हीच पंचाईत. नसता कळला तर बरं झालं असतं. मी मागे पाहायचं टाळलं आणि म्हणालो, “छान. ते जाऊ द्या. आता सहावी आकृती.”

“पण सर, कशाच्या तुलनेत?” तीन-चार आवाज एकदम आले.

“म्हटलं ना, ते पुढे येईल!”

हे माझ्या तोंडून गेलंच. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “पुढे येत नाही. तिला बोलू द्या.”

सूनबाई उठून उभी होती. “म्हाताऱ्या माश्या फार मरतात. शेवटी इतक्या थोड्या उरल्या होत्या, की तो गट मी सोडून दिला. मला वाटलं, न शिकवलेल्या तरुण माश्यांत भुकेने फरक पडला नव्हता, म्हणजे म्हाताऱ्यांतही पडला नसता. तुमचा प्रश्न बरोबर आहे.”

होयबाईला हळूहळू उमगलं. ती लालबुंद झाली. “मॅडम, सॉरी. मला माहीत नव्हतं तुमचा आहे.”

“माहीत असतं तर विचारलं नसतंत?”

होयबाईने खरं उत्तर दिलं. “नसतं विचारलं.”

“मग बरं झालं,” सूनबाई म्हणाली, पण तिचा आवाज कोरडा होता.

बसने घरी येताना माझ्या शेजारची जागा रिकामी असून ती उभी राहिली. घरी आल्यावर खोलीचं दार लावून घेतलं. या वेळी आतून भांडण्याचा आवाजही येईना. बायकोने मला फैलावर घेतलं. “पोरीचं इतक्या वर्षांचं काम, आणि तुम्ही ते भर वर्गात चिरायला दिलंत?” मी म्हटलं, “विज्ञान असंच पुढे जातं.” ती म्हणाली, “विज्ञान जाऊ दे. तुम्ही जाऊन तिची समजूत काढा.” मग थोड्या वेळाने जरा विचार करून, “म्हणजे ते उपाशी राहण्याचं काही खरं नाही का?”

कबूल करतो, वर्गात तो प्रश्न ऐकताना माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात ताटाचा विचार येऊन गेला होता. पण बायकोने निकाल दिला, की खोटं ठरेपर्यंत आहे तेच चालू राहील. शोधनिबंध न वाचताही तिची पद्धत पक्की आहे.

मी समजूत काढायला गेलो नाही. काय बोलणार होतो? दुसऱ्या दिवशीही सूनबाई मोजकंच बोलली. मुलाचा फोन आला, “बाबा, तुम्ही जरा शांत बसा ना.” मी शांत बसलो. तिसऱ्या दिवशी जेवताना तीच म्हणाली, “मला त्या मुलीचा राग आला नव्हता, बाबा. हा प्रश्न मला स्वतःला पडला होता. वर्षभरापूर्वी. मी तो बाजूला ठेवला होता.” मग पाणी प्यायली आणि म्हणाली, “राग तुमचा आला. तुम्ही मला वाचवायला गेलात ना, त्याचा.”

मी मान डोलावली.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो. तिने निबंध पाठवणं थांबवलं. तिचे मार्गदर्शक कुरकुरले, पण तिने नव्या माश्या वाढवल्या, म्हाताऱ्या होईपर्यंत सांभाळल्या आणि तो सुटलेला गट घेऊन सगळा प्रयोग पुन्हा केला. सुट्टीत मदतीला होयबाईला बोलावून घेतलं. निकाल अर्धाच टिकला. न शिकवलेल्या भुकेल्या माश्याही बऱ्यापैकी फिरत होत्या. तेवढं वजा केल्यावर आठवणीचा फायदा उरला, पण लहान, आणि लांब मिशांचा. ज्या मोठ्या नियतकालिकावर डोळा होता ते हुकलं. दुसऱ्या एका मध्यम ठिकाणी निबंध छापून आला. शेवटी आभार होते : होयबाईचे, नावानिशी, आणि तिसऱ्या वर्षाच्या वर्गाचे. माझं नाव नव्हतं. मी दोनदा शोधलं.

त्या सगळ्यातला एक दिवस मात्र सांगायचा राहिला.

माश्या मोजायला माणसं कमी पडत होती. सूनबाई म्हणाली, “बाबा, येता का दुपारी? बसून बघायचंय फक्त.” मी प्राणिशास्त्राचा इतका जुना प्राध्यापक, मला बोलावणं आल्याचं मी स्टाफरूममध्ये दोघातिघांना सांगून गेलो.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट, उबदार खोली, आणि आंबलेल्या फळांसारखा वास. होयबाई एका टेबलाशी वाकून बसली होती. मला बघून नुसतं “सर” म्हणाली आणि पुन्हा वाकली. सूनबाईने मला स्टुलावर बसवलं. समोर काचेची नळी, तिला दोन फाटे. हातात आकडा मोजणारं एक बटण. एका फाट्यात वास; घंटी वाजेपर्यंत माशी जितक्या वेळा त्यात शिरेल तितक्या वेळा दाबायचं. ही शिकवलेली माशी आहे की न शिकवलेली, ते मला मुद्दाम सांगितलं नव्हतं. “म्हणजे तुम्ही तिची बाजू घेणार नाही,” सूनबाई म्हणाली. तेही बरोबर होतं.

माशी म्हातारी होती. भिंगातून बघितलं तर पंखांच्या कडा झिजलेल्या, कापडाच्या सुटलेल्या दशांसारख्या. फळमाशीवर मी किती वर्षं नोट्स सांगितल्या असतील, स्वल्पविरामांसकट. पण अशी एकटी माशी, इतका वेळ, मी कधी बघितली नव्हती. ती काचेवर चढायला लागली. अर्ध्यावर जाऊन घसरली. तळाशी पडून पाय हलवत राहिली, उलटली, पुन्हा चढायला लागली. मध्येच थांबून पुढच्या दोन पायांनी डोळे पुसले, अगदी चष्मा पुसावा तसे. दोन फाट्यांपाशी आली. थबकली. एकीकडे वळली, थोडी आत गेली, मागे आली. ती आठवतेय की तिला नुसतीच भूक लागली आहे, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेल असं मला वाटत असावं. मी आणखी पुढे वाकलो.

घंटी वाजली.

“बाबा, किती वेळा?” सूनबाईने पेन उघडत विचारलं.

मी हातातल्या बटणाकडे पाहिलं. त्यावर शून्य होतं.

“माहीत नाही गं,” मी म्हणालो. “मी बघतच बसलो.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग नळीकडे. “मग ही बाद,” असं म्हणून तिने त्या माशीच्या आकड्यासमोर फुली मारली, नळी उचलून बाजूला ठेवली, आणि दुसरी माझ्यासमोर आणून लावली.